खुर्ची सुटल्यानंतरचे काम

(विहाराच्या वर्धापनदिनी नाते येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातले जे लोक मोठ्या हुद्द्यावरून उतरले आहेत किंवा उतरणार आहेत, त्यांनी पुढे काय करावे यावर बोला, असे समितीने आम्हाला सांगितले. आम्ही गिरणीतली माणसं. आम्हाला कधी हुद्दाच नव्हता, तेव्हा तो सुटल्याचे दुःखही नाही. पण साहेबाच्या हाताखाली वीस-पंचवीस वर्षं काढली, आणि साहेबाला त्याच्या घरच्यांपेक्षा हाताखालची माणसं जास्त ओळखतात. म्हणून हो म्हटलं.

शहरात आता एक व्यवसाय चांगला रुजला आहे. कंपनीत वरच्या जागेवर उमर काढलेला माणूस नोकरी सोडतो आणि दुसऱ्या साहेबांचा ‘कोच’ होतो. क्रिकेटला असतो तसा हा कामाचा कोच. समोरासमोर बसायचं, ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि निर्णय मात्र ज्याचा त्यालाच घेऊ द्यायचा. अमेरिकेत १९९५ साली या लोकांची संघटनासुद्धा स्थापन झाली. त्यांची फी ऐकली तर आपल्याला घेरी येईल, ते राहू द्या. पण खुर्चीवर माणसाची सही चालते आणि या कामात सही चालत नाही, एवढा फरक नीट ध्यानात घ्या. पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

याचा विचार करताना आम्हाला आपल्याच गावचे नाव आठवले. चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी या नात्यात जन्मले. त्यांचे घर वकिलाचे, समाज वेगळा, संधी वेगळी, हे आम्ही विसरून बोलत नाही. १९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच लोकसभेवर गेले. याच्या वर आणखी कोणती खुर्ची असते? ती त्यांनी १९५६ साली सोडली. मुंबई महाराष्ट्राला देत नव्हते आणि मुंबईत गोळीबारात माणसं मारली तरी न्यायालयीन चौकशी होत नव्हती, हे त्याचे कारण. त्या गोळ्या खाणाऱ्यांत गिरणगावची माणसं होती, म्हणून आम्हाला त्या राजीनाम्याचे मोल जरा जास्तच.

तेव्हा त्यांचे वय होते साठ. आपल्याकडे साठीला शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात आणि माणूस ओटीवर जाऊन बसतो. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. कोणी म्हणेल, अनुदान आयोग म्हणजे पुन्हा पैशाचीच खुर्ची. खरं आहे, आम्हीही तेच म्हणतो. पण त्याच १९६२ साली दिल्ली विद्यापीठात टपालाने शिकवणारा अभ्यासक्रम सुरू झाला, म्हणजे दिवसा नोकरी करून रात्री पदवीचा अभ्यास करता येऊ लागला. ती कल्पना एकट्या देशमुखांची नव्हे. तरी रात्रशाळेत शिकलेल्या माणसाला अशा कामाची किंमत कळते.

आजच्या कोचच्या कामाशी त्याहून जवळची गोष्ट हैदराबादची. तिथे १९५६ साली प्रशासकीय अधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेज निघाले, इंग्लंडातल्या हेन्लीच्या धर्तीवर. देशमुखांनी त्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. सरकारी खात्यातले, सरकारी कारखान्यातले आणि खाजगी कंपन्यांतले मुरलेले अधिकारी तिथे एकत्र येतात. हेन्लीची पद्धत अशी की नुसती व्याख्यानं ऐकवायची नाहीत. लहान लहान गट करायचे, एक प्रश्न द्यायचा, आणि त्यांनी आपापल्या अनुभवातून भांडून उत्तर काढायचं.

आम्हाला हे वाचून आमचं साचाखातं आठवलं. नवा बदली कामगार आला की जॉबर त्याला ओरडून सांगायचा. बाजूच्या साच्यावरचा जुना विणकर काही बोलायचा नाही. धागा तुटला की पोराला स्वतःच जोडू द्यायचा आणि मग एवढंच विचारायचा, “का तुटला रे?” पोरगं कोणाकडून शिकलं, हे सांगायला नको.

आपल्या अधिकारी मंडळींना नेमकं हेच जड जातं. आमच्या पाहण्यातले एक साहेब बँकेतल्या मोठ्या जागेवरून निवृत्त झाले. मनाने चांगले. दर रविवारी गावातली मुलं जमवू लागले. पहिल्या रविवारी बावीस मुलं, चौथ्याला तीन. कारण साहेब दीड तास स्वतःच बोलायचे. एकदा एक मुलगा टेम्पो घेण्यासाठी कर्जाचे कागद घेऊन आला. साहेबांना दोन मिनिटांत दिसलं की हप्ता झेपणार नाही. खुर्चीवर असते तर नामंजूर लिहून मोकळे झाले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, “बाळा, २०२१ च्या जुलैसारखा महाडला पूर आला आणि गाडी महिनाभर उभी राहिली, तर हप्ता कशातून देशील?” मुलगा गप्प. घरी गेला, आईबरोबर बसून हिशेब मांडला आणि पुढच्या रविवारी लहान गाडीचा आकडा घेऊन स्वतःच आला. त्यानंतर मुलं परत यायला लागली.

फीबद्दल एक बोलतो. ज्यांना पेन्शन आहे त्यांनी आपल्या मुलांसाठी हे फुकट करावं. खाजगी कंपनीतून बाहेर पडून हाच धंदा करणाऱ्याने मात्र फी घ्यावी, त्यात लाज नाही. पण निदान वर्ष-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी. जुन्या ओळखींचे फोन सहा महिन्यांत थंड होतात. गाडी जाते, शिपाई जातो, दारातला सलाम जातो. ज्याला तो सलामच हवा असतो, त्याच्याने हे काम व्हायचं नाही.

आणि खुर्ची सुटेपर्यंत थांबायचं कशाला? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, तेव्हाच, १९४५ साली, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद सोडलं तेव्हा संस्था चालू होती. देशमुख आणि बाबासाहेब वर्षभराहून थोडे जास्त एकाच मंत्रिमंडळात बसले. दोघांनीही राजीनामे दिले, पण दुसऱ्या कामाची सुरुवात बाबासाहेबांनी आधीच करून ठेवली होती.

आपल्या घराण्यांतून पहिल्यांदाच अधिकारी झालेली पिढी आता निवृत्त होते आहे. बढती कशी अडते, फाईल कुठे थांबते, मुलाखतीत आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो आणि तेव्हा आवाज न कापता कसं बोलायचं, हे त्यांनी सोसून मिळवलेलं ज्ञान आहे. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. महाडच्या एम. आय. डी. सी. त ठेकेदारीवर राबणाऱ्या आपल्या पोरांना ते सांगणारं घरात कोणी नाही. हे साहेब लोक मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून राहिले, तर त्यांच्याबरोबर ते सगळं जाईल.

समितीने मागची खोली रविवारी सकाळी दहा ते बारा मोकळी ठेवली आहे. एका साहेबांनी तीनच मुलं घ्यावीत, जास्त नकोत, आणि वर्षभर सोडू नयेत. मुंबईत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा यावं, मधल्या काळात फोन आहेच. आज सभेनंतर वही दाराशी ठेवली आहे. साहेबांनी नावं लिहावीत, मुलांनीही लिहावीत, आणि मुलींनी मागे न राहता आधी लिहावीत.

जय भीम.