शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड नको

वेबसाइट घडवणाऱ्यांचा आठवडा स्क्रीनसमोर जातो आणि शनिवार उजाडला की पाय सह्याद्रीकडे वळतात. पण शुक्रवारी संध्याकाळी चालू साइटवर नवा कोड चढवला, तर रविवारी गडावर फोन खणखणणार. रेंज असली तर! म्हणून मोठे बदल गुरुवारपर्यंत उरकावेत, सुट्टीतली जबाबदारी सहकाऱ्याकडे रीतसर सोपवावी. लॅपटॉप गडावर वाहून नेणं ही निव्वळ हमाली.

असं मोकळं होऊन हरिश्चंद्रगडावर गेलात, तर तिथला कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्ताचे फोटो तिथे हमखास मिळतात. पण खरी मजा पावसाळी सकाळची. ऊन पाठीशी आणि समोर दरीत धुकं असलं, की आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रवज्र उमटतं. मोबाइलवरही छान येतं.

मोठा कॅमेरा असेल तर एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बाहेर काढू नका. गार काचेवर दमट हवेची वाफ धरते. बॅग बंदच ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. आणि कड्यावर उभ्याने डोकावू नका. पोटावर झोपून, मागे कुणीतरी पाय धरलेले असतानाच खाली बघा.