उठून जा, विचारून या



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संवादातून व्यवस्थापन' असा भारदस्त विषय छापलाय. सात मुद्दे लिहूनही आणले होते. पण मघाशी एसटी स्टँडवरून चालत आलो, शाळेचं जांभ्याचं कुंपण दिसलं, पाण्याच्या टाकीचा तोच गळका नळ दिसला आणि कागद खिशातच राहिला. मुख्याध्यापिका बाई, नळ बदला, खर्च माझा. जागा मात्र बदलू नका. का, ते सांगतो.

मी याच शाळेत आठवीत होतो. वडील मुंबईला, लालबागच्या गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या वाडीला मात्र संप कळला तो पोस्टमनमुळे. तो यायचा थांबला. मनीऑर्डर नाही म्हणजे घरात काय असतं, ते इथे बसलेल्या आजीमंडळींना सांगायला नको.

आमचे हेडसर मधल्या सुट्टीत रोज फेरी मारायचे. एकदा टाकीपाशी आले, ओंजळीने पाणी प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "काय रे, सुट्टीभर पाणीच पितोस? डबा कुठाय?" त्यांनी ऑफिसात बोलावून विचारलं असतं, तर "विसरलो, सर" म्हणून मी सुटलो असतो. नळापाशी खोटं बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वाचनालयाची पुस्तकं लावायचं काम मला मिळालं आणि दुपारचं जेवण सरांकडे. त्या जेवणाला कुणी मदत म्हटलं नाही, म्हणून ते पोटात गेलं. 1984 ला मी दहावी झालो तो त्या जेवणावर.

एवढं शिकून गेलेला मी, मॅनेजर झालो आणि सगळं विसरलो. आमच्या मशीन शॉपमध्ये एका जॉबचं रिजेक्शन वाढलं. भोकं जागेवर पडत नव्हती. मी मेल पाठवले, मीटिंगा घेतल्या, नोटीस बोर्डावर लाल अक्षरांत कागद लावला. सगळे माना डोलावून जात. शेवटी वैतागून एका रात्री दोन वाजता थर्ड शिफ्टला गेलो. मशीनवर माझ्या वडिलांसारखेच अबोल एक काका होते. दोघांनी स्टीलच्या ग्लासात चहा घेतला. गावाकडच्या पावसावर बोलणं झालं, त्यांच्या मुलीच्या बारावीवर झालं. मग त्यांनी मशीन थांबवलं, जॉब धरणाऱ्या फिक्श्चरची पिन बोटाने हलवून दाखवली. "झिजलीय, साहेब. जॉब नीट बसतच नाही. पंधरा दिवस झाले." मी म्हटलं, "काका, मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "विचारायला कोण आलं होतं?"

पिन बोटाएवढी. माझ्या नोटिशीतली अक्षरं तिच्यापेक्षा मोठी होती.

आता विषयाचं थोडं सांगतो, नाहीतर मानधनाचा नारळ परत द्यावा लागेल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 पासून दोन-अडीच वर्षांत वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते. पण माणसं प्रश्न सोडून मनातलं बोलू लागली, तेव्हा विचारणाऱ्यांनी यादी बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकायचं ठरवलं. आपल्याकडे 1948 च्या कारखान्यांच्या कायद्याने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली. पण साहेबाने कुणाच्या टेबलावर बसून जेवायचं, ते कुठलाच कायदा सांगत नाही. ते आपलं आपण ठरवायचं असतं. झाला विषय.

माझं सांगणं एकच. उठून जा. माणसाला आपल्याकडे बोलावू नका, आपण त्याच्याकडे जा. आणि कामाचं विचारायच्या आधी त्याचं विचारा. पुढच्या रांगेतले दोघे शेजारी शेजारी बसून एकमेकांना मेसेज करतायत, मला इथून दिसतंय. अरे, कोपर लागतंय एकमेकांना, तोंडाने बोला! संस्थेचे चेअरमनसाहेब हसतायत. साहेब, तुम्हालाही सांगतोय. वर्गाच्या शेवटच्या बाकावर शेवटचे कधी बसलात? बघा, आता शिपाईमामा हसतायत. बाई, नळाचं आधी त्यांना विचारा. वॉशर कुठला लागतो ते त्यांना नक्की ठाऊक असणार.

कोळीनृत्याच्या मुली मघापासून टोपल्या घेऊन उभ्या आहेत, म्हणून आवरतो. मुलांनो, उद्या मधल्या सुट्टीत कुणीतरी एकटं बसलेलं दिसेल. टाकीपाशी असेल, शेवटच्या बाकावर असेल. त्याला हाक मारू नका. आपला डबा उचला, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि डबा मध्ये ठेवा.