प्रतिपक्षाच्या दप्तरातील आपला इतिहास



इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा कागद वाळवीच्या तोंडून सोडवावे लागत. परंतु जे हाती येई ते बहुतांशी आपल्याच चिटणीस-फडणिसांनी आपल्या दौलतीच्या कारभारासाठी लिहिलेले असे. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही अनुकूलता लाभत नाही.

या सातारा जिल्ह्याचेच पाहा. १९४२ च्या सप्टेंबरात वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि पुढे १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, तंटे तोडले, गुंड-दरोडेखोरांना जरब बसवली. हे सारे भूमिगत राहून चाललेले. सापडलेला प्रत्येक कागद कोणाच्या तरी अटकेस कारण होणार, म्हणून लिहिणे जितके टाळता येईल तितके टाळलेले. परिणामी ज्यांनी तो कारभार केला त्यांचे दप्तर अत्यल्प, आणि ज्यांनी त्यांचा पाठलाग केला त्यांच्या पोलिसी दप्तरात मात्र तोच कारभार गुन्हे आणि फरारी असामी यांच्या नोंदींत जमा.

मग साक्षींचा आधार घ्यावा, तर त्याही निखळ नाहीत. वीरांच्या घरी सांगितली जाणारी हकीकत वर्षागणिक उजळत जाते. आणि ज्यांच्या तळपायांवर प्रतिसरकारच्या शिक्षेचे तडाखे बसले, त्यांची घराणी त्याच गावांत, त्याच पारावर बसतात व गप्प राहतात. क्रांतिसिंहांविषयी माझ्या मनात पूज्यभाव आहे, आणि म्हणूनच आग्रहाने म्हणतो की त्या गप्प राहिलेल्यांचीही जबानी घेतलीच पाहिजे. ती वगळून लिहिलेला इतिहास त्या लढ्याला कमीपणा आणील.

काळ लोटला की सत्य आपोआप उघडे होते, हा भरवसाही धरू नये. मौलाना आझादांच्या आत्मकथनातील मोहोरबंद पाने त्यांच्या निधनानंतर ३० वर्षांनी, १९८८ साली उघडली गेली, ती ठेवणाऱ्याने ठेवली होती म्हणून. आमच्या खेड्यांतील माणसांनी जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही, आणि त्या पिढीतील फारच थोडी आता हयात आहेत.

यास्तव अशा जबान्या टिपण्यासाठी उद्या दुपारी प्रतिसरकारचे केंद्र असलेल्या कुंडलला जाण्याची व्यवस्था स्वागतसमितीने केली आहे. सर्व प्रतिनिधींनी टाचणवह्या घेऊन अवश्य यावे. आता अध्यक्षमहोदयांनी आसनस्थ होऊन कामकाजास प्रारंभ करावा, अशी त्यांना सविनय विनंती करतो.