थर्मामीटर भिंतीवर हवा

(ग्वाल्हेर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटी पद्धत हे प्रश्न समोर असताना युनियनचा सेक्रेटरी हॉटेलातल्या थंडीवर काय बोलणार, असे वाटेल. आमची विनंती एवढीच की शेवटपर्यंत ऐका. हॉटेलातली थंडी आणि आपल्या लोको शेडमधली, सॉर्टिंग ऑफिसातली थंडी यांचे नाते आहे. ते नाते आम्ही लावलेले नाही, कायद्याने लावलेले आहे.

आधी थंडी कशी असते ते पाहू. हिवाळ्यात आपण चहाला हॉटेलात शिरतो. आत गारठा असला तर कोट अंगावरच ठेवतो, गरम पेला दोन्ही हातांत धरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडतो. फार तर बाहेर येऊन म्हणतो, "काय बर्फासारखे हॉटेल आहे!" गिऱ्हाइकाच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. पण टेबल पुसणारा, मोरीवर कपबश्या विसळणारा, गल्ल्यावर बसणारा माणूस त्याच गारठ्यात आठ, दहा, कधी बारा तास असतो. त्याचे हात ओले असतात आणि ओल्या हातांतली उष्णता लवकर जाते. बोटे गारठली की त्यांची पकड आणि चपळाई कमी होते. मग सुरी निसटते, उकळता चहा हातावर सांडतो. म्हणून थंडी हा गिऱ्हाइकाच्या सुखसोयीचा प्रश्न नंतर आहे. पहिल्याने तो कामगाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

हॉटेले इतकी गार का पडतात? कारणे साधी आहेत. दार सारखे उघडते आणि प्रत्येक वेळी गार हवा आत येते. रस्त्याकडे मोठमोठ्या काचा असतात, त्यांतून आतली ऊब निघून जाते. छत उंच असेल तर गरम हवा वर जाऊन बसते आणि माणसांच्या पायाशी गारठा उरतो. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा धुराबरोबर ऊबही बाहेर फेकतो आणि तेवढीच थंड हवा दाराच्या फटीतून ओढून घेतो. आणखी एक गोष्ट. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. चाळीस गिऱ्हाइके बसली की चार किलोवॅटचा हीटर लागल्यासारखे होते. म्हणजे गर्दीच्या वेळी हॉटेल आपोआप उबदार होते. सर्वांत गार ते केव्हा असते? पहाटे कुलूप उघडताना आणि रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर फरशी धुताना. त्या दोन्ही वेळी आत कोण असते? फक्त कामगार. मालकाने दुपारी येऊन "ठीक तर आहे" म्हटले, तर ते खोटे नसते. पण ते दुपारचे असते.

आता आम्ही तुम्हाला जरा लांब, ब्रिटनमध्ये नेतो. तिथे हिवाळा लांबलचक असतो, आणि बंद खोलीतल्या कामाला किती ऊब हवी हे तिथल्या कायद्याने आकड्यात लिहिले होते. १९६३ साली तिथे एक कायदा झाला. त्याचे नाव ऐका: 'ऑफिसेस, शॉप्स अँड रेल्वे प्रिमायसेस अ‍ॅक्ट'. कचेऱ्या, दुकाने आणि रेल्वेच्या इमारती, तिन्ही एका कायद्यात. दुकानांच्या व्याख्येत खानावळी आणि उपाहारगृहेही धरली होती. म्हणजे चहाच्या दुकानातला वेटर आणि रेल्वेच्या इमारतीतला कारकून, दोघांना संरक्षण एकच.

त्या कायद्यात म्हटले होते की, ज्या खोलीतले काम बरेचसे अंगमेहनतीचे नाही, तिथे कामाच्या पहिल्या तासानंतर १६ अंश सेल्सिअसपेक्षा, म्हणजे ६०.८ फॅरनहाइटपेक्षा कमी तापमान वाजवी मानले जाणार नाही. दुसरी तरतूद अशी की, प्रत्येक मजल्यावर सहज दिसेल अशा जागी थर्मामीटर लावला पाहिजे. तिसरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. लोकांची ये-जा असलेल्या काही खोल्यांत एवढी ऊब राखणे व्यवहारात शक्य नसते. तिथे कामगारांना शेकायची सोय जवळपास हवी, आणि त्या सोयीचा उपयोग करायला सवडही दिली पाहिजे. नुसती शेगडी ठेवून भागत नाही, शेगडीजवळ जायला पाच मिनिटे सुट्टी लागते, हे त्या कायद्याला कळत होते.

त्यात उणीवही होती. 'पहिल्या तासानंतर' हे शब्द पाहा. आम्ही आताच म्हणालो की सर्वांत वाईट वेळ कुलूप उघडल्यावरची असते. नेमका तोच तास कायद्याने मोकळा सोडला.

पुढे १९९२ साली तिथे नवे नियम झाले आणि १९९३ ते १९९६ या काळात ते बहुतेक कामाच्या ठिकाणांना लागू झाले. इमारतीच्या आत काम चालू असताना तापमान 'वाजवी' असावे आणि पुरेसे थर्मामीटर असावेत, असे तो नियम सांगतो. १६ चा आकडा, आणि जड अंगमेहनतीच्या कामाला १३ चा आकडा, नियमात नाही. तो सोबतच्या आचारसंहितेत गेला. मालकाने सर्वसाधारणपणे तो पाळावा अशी अपेक्षा आहे, पण त्याला पूर्वीच्या कलमाचा कडकपणा नाही. कायद्यातला आकडा मार्गदर्शनात गेला की काय होते, हे आपण कामगारांनी ओळखून असावे. आकडा असला की वाद थर्मामीटर मिटवतो. 'वाजवी' शब्द असला की वाद साहेब मिटवतो.

याची परीक्षा २०२२ च्या हिवाळ्यात झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपात गॅस व विजेचे भाव भडकले. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांच्या दराला सरकारी नियामकाची मर्यादा होती, धंद्यांना ती नव्हती. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ सरकारने धंद्यांच्या बिलांत सवलत दिली, तरी छोट्या कॅफेवाल्याचे आणि पबवाल्याचे कंबरडे मोडायची वेळ आली. तिथला पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. लोक तिथे जेवायला आणि गप्पा मारायला जातात, म्हातारी माणसे संध्याकाळी उबेला बसतात. अशा ठिकाणी हीटर कमी करायचा की धंद्याचे तास कमी करायचे, असा प्रश्न मालकापुढे आला. आम्ही मालकाचे वकील नाही. पण लहान मालकाची अडचण खरी होती हे मान्य केले पाहिजे. प्रश्न असा की ती अडचण कोणाच्या अंगावर ढकलली गेली? हीटर कमी केला तर थंडी कामगाराला, तास कमी केले तर मजुरीत काट पुन्हा कामगारालाच.

त्याच वर्षी स्पेनने हुकूम काढला की सार्वजनिक इमारती, दुकाने, बार, रेस्टॉरंट यांत हिवाळ्यात १९ अंशांपेक्षा जास्त गरम करायचे नाही. जर्मनीनेही १ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांसाठी १९ अंशांचीच मर्यादा घातली. इंधन वाचवायचे म्हणून ते समजू शकते. पण बंधूंनो, ही वरची मर्यादा आहे. यापेक्षा गरम नको, असे ती सांगते. यापेक्षा गार नको, हे सांगणारी खालची मर्यादा वेगळी असते. स्पेनमध्ये ती १९९७ च्या नियमांत आकड्याने लिहिलेली आहे: बैठ्या कामाला १७ अंश, हलक्या कामाला १४ अंश. म्हणून काटकसर कुठे थांबली पाहिजे हे तिथला कामगार बोट ठेवून दाखवू शकत होता.

आता आपल्या घरी येऊ. आपला १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट अनेकांना माहीत आहे. त्याच्या १३ व्या कलमात हवा आणि तापमान यांची तरतूद होती: कामगाराला वाजवी आराम मिळेल आणि आरोग्याला इजा होणार नाही असे तापमान ठेवावे. थंडीचा आकडा त्या कलमात नव्हता. पण फॅक्टरी कशाला म्हणायचे, त्या व्याख्येच्या शेवटी एक वाक्य होते. फॅक्टरीत खाण येत नाही, सैन्याचे फिरते पथक येत नाही, रेल्वेची रनिंग शेड येत नाही आणि हॉटेल, रेस्टॉरंट किंवा खाण्याचे ठिकाण येत नाही.

बंधूंनो, म्हणून आम्ही नात्याची गोष्ट केली. विलायतेने १९६३ साली रेल्वे कामगार आणि हॉटेल कामगार यांना एका कायद्यात आत घेतले. आपल्याकडे १९४८ साली त्या दोघांना एकाच वाक्यात बाहेर ठेवले. माटुंग्याचे वर्कशॉप फॅक्टरी, पण शेडमध्ये रात्री इंजिनाखाली शिरणारा फिटर फॅक्टरीबाहेर!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी अ‍ॅक्ट व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. त्या संहितेतल्या फॅक्टरीच्या व्याख्येतही रनिंग शेड आणि हॉटेल बाहेरच आहेत. मात्र एक दार उघडले आहे. संहितेचे २३ वे कलम फक्त फॅक्टरीपुरते नाही, ते सर्व आस्थापनांना लागू होते आणि त्यात 'हवा, तापमान व दमटपणा' हे शब्द आहेत. किती तापमान, हे कलमात नाही, ते नियमांवर सोडले आहे. दहापेक्षा कमी कामगारांचे चहाचे दुकान आस्थापनेत बसत नाही. केंद्र सरकारची कार्यालये संहितेबाहेर ठेवली आहेत, तिथे कंत्राटी कामगारांपुरती ती लागू होते. टपाल खात्यातल्या बांधवांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एकाच खोलीत कंत्राटी माणसाला कलमाचा आधार आणि कायम माणसाला नाही, अशी स्थिती येऊ शकते.

म्हणजे आपले काम आपल्यालाच करायचे आहे. इथे ग्वाल्हेर-झांशीकडे जानेवारीतल्या रात्री काय असतात हे तुम्हाला सांगायला नको. आर. एम. एस.च्या सॉर्टिंग ऑफिसात थैल्या आतबाहेर करण्यासाठी दार उघडेच असते. फलाटावरच्या स्टॉलवरचा पोऱ्या तर तीन बाजूंनी वाऱ्यात उभा असतो. "चार दिवसांची थंडी, स्वेटर घाला" असे उत्तर मिळते. स्वेटर अंगाला घालता येतो, बोटांना घालता येत नाही. पत्रे वेचायची आणि नट पिळायचे काम बोटेच करतात.

यासाठी आमच्या पाच सूचना आहेत.

पहिली: प्रत्येक शाखेने आपल्या कामाच्या खोलीत थर्मामीटर मागावा. मिळेपर्यंत वर्गणीतून विकत आणून लावावा. फार खर्चाची वस्तू नाही.

दुसरी: पाळी सुरू होताना, मध्ये आणि संपताना पारा पाहून वहीत तारीख-वेळेसह लिहावा. पहिला तास सोडू नये. डिसेंबर आणि जानेवारीची वही भरली की पी. एन. एम. आणि जे. सी. एम.च्या बैठकीत आपण तक्रार करणार नाही, वही उघडणार.

तिसरी: आपली मागणी आकड्यात असावी. बैठ्या व हलक्या कामाला १६, जड कामाला १३. जिथे दार उघडेच राहते तिथे शेकायची खोली आणि तिथे जायला सवड.

चौथी: बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप लागते आणि तो उठत नाही. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात अशी माणसे जातात. प्रशासन हीटर देत नाही म्हणून आपला माणूस शेगडी पेटवतो, हे मागणीपत्रात स्पष्ट लिहा.

पाचवी: स्टेशनवरच्या स्टॉलचा, कँटीनचा कंत्राटी माणूस आपल्या मागणीत धरा. तो आपला सभासद नसेल, वर्गणी देत नसेल. पण पहाटे चारला पाळीवर येताना पहिला गरम घोट आपण त्याच्याच गारठलेल्या हातून घेतो. कायद्याने त्याला आणि आपल्याला एका वाक्यात बाहेर ठेवले असेल, तर आत येताना आपण एकटे येऊ नये.

मागण्या मोठ्या असतात तशा लहानही असतात. लहान मागणी जिंकली की शाखेतल्या नव्या पोरांना युनियन म्हणजे काय ते कळते. या हिवाळ्यात प्रत्येक शाखेत एक थर्मामीटर आणि एक वही एवढे तरी झाले पाहिजे. पुढच्या सभेत आम्ही भाषण विचारणार नाही, वह्या मागणार आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!