डाव्या मेंदूची बोली

१८६१ सालच्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण वारला. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच: ‘तान, तान’. गाण्यातली तान नव्हे. पण रुग्णालयात त्याचं नावच ‘तान’ पडलं. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळे, उजवा हात-पाय मात्र लुळा. शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. असे आणखी रुग्ण पाहून १८६५मध्ये त्यांनी मांडलं, की बोलण्याची सूत्रं बहुतेकांच्या डाव्या मेंदूकडे असतात.

हाच डावा मेंदू उजवा हात चालवतो. मग डावखुऱ्यांची भाषा उजव्या मेंदूत? तर्क सरळ, पण चुकीचा. जगात साधारण १० टक्के माणसं डावखुरी. त्यांच्यातल्याही सुमारे ७० टक्क्यांची भाषा डावीकडेच असते. हाताचं प्रकरण तरी कुठे सरळ आहे? सचिन तेंडुलकर फलंदाजी करायचा उजव्या हाताने, लिहितो डाव्या.

बरं, ही डाव्या-उजव्याची वाटणी काही माणसाची मक्तेदारी नाही. कॅनरी पक्ष्याच्या कंठाकडे जाणारी डावी नस कापली, तर त्याचं बहुतेक गाणं हरपतं. उजवी कापली तर फारसं बिघडत नाही. १९७०च्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी हे दाखवलं. पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा खाऊ जवळजवळ नेहमी डाव्याच पायात धरतो.

चिंपांझींच्या मेंदूतही, माणसात भाषेशी जोडलेला एक भाग बहुधा डावीकडे मोठा असतो. तरी त्यांना आपल्यासारखं बोलता येत नाही.