मातीतला मल्ल, मॅटवरचं पदक

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले. कसलेलं अंग तांबड्या मातीतलं, तिथे पायाखाली आली मॅट. पाय रोवायचे कसे, इथपासून अडचण. सहाव्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं.

खाशाबा खचले नाहीत. नेटानं सरावाला लागले. १९५२ला हेलसिंकीला जायचं, तर पैशांची चणचण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून मदत केली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

श्रोतेहो, जिंकलेल्याला हार घालायला सगळेच येतात. हरलेल्याच्या पाठीशी उभं राहणारी माणसंच उद्याचं यश घडवतात.