मोबाइल आणि बुडालेलें गांव



आंबेगांव तालुक्याला ज्या गांवाचें नांव आहे, तें गांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याचा कारभार घोडेगांवीं चालतो. तेथील मुलें आपल्या पत्त्यांत जें नांव लिहितात, तें पाण्याखालच्या गांवाचें आहे. शिक्षणांतील नव्या साधनांविषयीं बोलतांना मला प्रथम हेंच आठवतें.

२०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या. शिक्षकांनीं व्हॉट्सॲपच्या गटांवर धडे पाठविले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमागें ‘दीक्षा’चें भांडार होतेंच. ह्या खटाटोपाची थट्टा मला करवत नाहीं. परंतु भीमाशंकरच्या रानालगतच्या वाडीवर घरांतला एकुलता मोबाइल मजुरीला गेलेल्या बापाच्या खिशांत असेल, किंवा डोंगराआड लहरीच पोंचत नसतील, तर धडा कोणाला मिळणार? (शेजारच्या जुन्नर तालुक्यांत खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. माणसानें केलेला रेडिओ-गोंगाट तेथें कमी, हें ती जागा निवडण्याचें एक कारण होतें!)

तथापि मोबाइल पोंचला म्हणजे काम झालें असें नव्हे. धडा मुलाकडे येतो. मुलाकडून परत जातें तें बहुधा सोडविलेल्या उदाहरणाचें छायाचित्र. त्याखालीं अंगठा उमटतो, आणि विषय संपतो.

मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची सोय मात्र नेटवर्कवांचून चालते. सहावी-सातवीच्या मुलांनीं ती घेऊन आजीपुढें बसावें. धरणापूर्वीं घर कोठें होतें, बाजार कोणत्या वारीं भरे, पाणी चढूं लागलें तेव्हां काय हलविलें आणि काय तसेंच राहिलें, हें विचारावें. महादेव कोळी किंवा ठाकर आजी आपल्या बोलींत सांगेल. मुलें तें वर्गांत ऐकून प्रमाण मराठींत उतरवितील, नकाशावर जागा शोधतील. दोघींचें सांगणें जुळलें नाहीं, तर पुन्हां विचारावयास जातील. मग नेटवर्क असेल तेथून शिक्षकांनीं तें जुन्नरमधील माणिकडोह धरणाकांठच्या शाळेस धाडावें आणि तिकडच्या आठवणी मागवाव्या. आजीच्या संमतीवांचून मात्र तिचा शब्द समाजमाध्यमांवर टाकूं नये.

जुन्या आंबेगांवांत संसार केलेलीं माणसें आतां थकलीं आहेत. कित्येकांना ऐकूं कमी येत असेल. मुलांनीं प्रश्न जरा मोठ्यानें विचारावे.